पन्नास ओहम

राउमाच्या जहाज-कारखान्याचं तळघर.
बाहेर समुद्र काठाशी गोठत चाललेला,
दुपारी साडेतीनलाच काळोख,
आत आम्ही दोघं निवृत्त माणसं
स्क्रू निवडत बसलोय, मटार निवडावेत तसे.

संग्रहालयवाल्यांना नुसते डबे हवे होते,
काचेमागं ठेवायला.
ताइस्तो म्हणाला, "चालू करूनच देऊ, हिल्का.
मेलेलं यंत्र काय, कुणीही दाखवेल."

दोन वर्कस्टेशनं उरलीत. मादे आणि हाउकी.
आमच्याकडं यंत्रांना माशांची नावं असत.
मादे बर्फाखालचा, सुस्त, थंड डोळ्यांचा;
हाउकी दातेरी, दिसेल त्यावर झडप घालणारा.
बाकीचे बारा केव्हाच भंगारात गेले,
नावं मात्र फाइलीत आहेत, पत्त्यांसकट,
कुणी पुसलीच नाहीत.

बॅटऱ्या संपलेल्या. जागी होताच
दोघांनाही वाटलं, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
रात्रीचे दोन.
त्या घटकेला मी सतरा वर्षांची,
नाचाहून घरी येत होते, बहिणीच्या बुटांत.
तारीख दुरुस्त केली. एक ओळ, एंटर.
पंचावन्न वर्षं.

पासवर्ड मला आठवला नाही,
बोटांना आठवला.

मग जाळं.
एकाला शेवटी अकरा, दुसऱ्याला बारा,
मास्क जुनाच.
काळी जाड केबल जमिनीवर पसरली की
पुन्हा वेटोळं करून बसायची,
सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं.
पिंग केलं. उत्तर नाही.
कार्ड काढून पुसलं, पुन्हा बसवलं. नाही.
तासभर आम्ही एकमेकांच्या चुका काढत होतो,
त्यातल्या काही नव्वद सालच्या.

शेवटी मलाच दिसलं. केबलचं एक टोक उघडं.
उघड्या टोकाशी पोचलेला आवाज
भिंतीवर आपटल्यासारखा मागं फिरतो
आणि मागून येणाऱ्याला तुडवतो.
म्हणून शेवटाला एक टोपण लागतं,
पन्नास ओहमचं, बोराएवढं,
सगळं ऐकून घेणारं,
काहीही परत न पाठवणारं.

ताइस्तोनं खिशातून किल्ल्या काढल्या.
घराची, होडीची, सौनाची,
आणि त्यांच्यात ते.
"कपातीच्या दिवशी काढून नेलं होतं," म्हणाला.
"म्हटलं, सगळं जाळं बंद पडेल,
कुणीतरी विचारायला येईल."
मग जरा वेळानं,
"नाही आलं कुणी."

मी काही बोलले नाही. टोपण बसवलं, पाव फेरा.
चौसष्ट बाइट. दोन मिलिसेकंद.
पुन्हा दोन. पुन्हा दोन.

पिन्या आली, संग्रहालयाची, हातात फोन.
तिला म्हटलं, घड्याळ लाव.
एकच सांगाडा, त्याच लाटा, दोघांना एकदम दिला.
हाउकी : चार मिनिटं एकोणीस सेकंद.
मादे घुरघुरत राहिला, पंखा खरवडत,
पिन्या दोनदा वर जाऊन कॉफी घेऊन आली.
अकरा मिनिटं दोन.
आणि उत्तरं जुळेनात.
शेवटच्या घरात एकाचा तीन, दुसऱ्याचा सात.

"बरोबर कुणाचं?"
"जहाज मादेच्या आकड्यावर बांधलं," ताइस्तो म्हणाला,
"अजून तरंगतंय."
"म्हणजे मादे बरोबर?"
"म्हणजे आम्ही पोलाद जरा जास्त घातलं, पोरी."

ती हसली, पण लिहून घेतलं तिनं.
तिच्या फोनला हे सगळं
शिंक येण्याइतक्या वेळात जमलं असतं,
हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.
कुणी काढलं नाही.

निघताना टोपण तिथंच राहिलं.
जिन्यावर ताइस्तोच्या किल्ल्या
पातळ वाजत होत्या.
वर आल्यावर मला आठवलं, बॅटरी तर घातलीच नाही,
वीज गेली की हे पुन्हा सत्तरात जाणार.
पिन्याच्या वहीत मागच्या पानावर लिहून दिलं :
सकाळी आलीस की बाकी काही विचारू नकोस,
आधी त्यांना तारीख सांग.